मेंदूज्वराचा ताप उतरून परत चढतोय? अँटिबायोटिक बदलायच्या आधी एवढं बघा

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, विटा इकडनं मिरजेला येणाऱ्या मेंदूज्वराच्या पेशंटमध्ये एक प्रकार सारखा बघायला मिळतो. ताप, डोकं फुटल्यासारखं दुखणं, उलट्या, मान ताठ, म्हणून कुठंतरी अ‍ॅडमिट होतं, सेफ्ट्रायक्झोन चालू होतं, दोन दिवसात पेशंट डोळे उघडून बोलायला लागतो, घरचे म्हणतात सुटलो बाबा, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताप परत हजर. मग सेफ्ट्रायक्झोन फेल गेलं म्हणून मेरोपेनेम, त्यावर दोन दिवस बघून कोलिस्टिन, जोडीला लिनेझोलिड, आणि मेडिकलचं बिल तोवर कुठल्या कुठं.

माझं म्हणणं एवढंच आहे की यातल्या बऱ्याच जणांचं औषध बरोबरच असतं, ते पाठीच्या पाण्यात (सीएसएफ, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी) पुरेसं पोचत नसतं. त्यामुळं पुढचं भारी अँटिबायोटिक लिहायच्या आधी चालू असलेलं आत जातंय का, किती जातंय, हे तपासायला पाहिजे. हे सगळं तालुक्याच्या ठिकाणी पेशंट सांभाळणाऱ्या डॉक्टरांसाठी, नवीन एमओ (मेडिकल ऑफिसर) आणि रेसिडेंट पोरापोरींसाठी लिहितोय, डोस लिहिलेत ते मोठ्या माणसाचे आणि किडनी नीट असलेल्याचे. नातेवाईकांनी वाचलं तर चांगलंच, पण वाचून डॉक्टरांना विचारा, स्वतः काही बदलू नका. आणि नुकताच आलेला संशयित पेशंट समोर असेल तर वाचत बसू नका, ब्लड कल्चर घ्या आणि पहिला डोस आत्ता द्या, सीटी आणि पाठीचं पाणी त्याच्यामागनं होऊ दे.

आता हे पोचत का नाही. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की बाकी अंगात औषध जसं पेशींच्या फटीतनं बाहेर पडतं तसं इथं पडत नाही, फटच नाही. मग पेशीतनंच आरपार जायचं, आणि त्यासाठी औषध लहान पाहिजे, चरबीत विरघळणारं पाहिजे, रक्तातल्या प्रोटीनला फार चिकटून बसणारं नको. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन चरबीत फारशी विरघळत नाहीत, सेफ्ट्रायक्झोन तर ८५ ते ९५ टक्के प्रोटीनलाच चिकटलेलं असतं. त्यात भर म्हणजे मेंदूत हे पाणी तयार करणाऱ्या कोरॉइड प्लेक्ससमध्ये पंप आहेत, ते आत गेलेलं पेनिसिलिन उचलून परत रक्तात टाकतात. आणि पाणी तर सारखं बदलत असतंय, एकूण जेमतेम १५० मिली आणि दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवीन तयार होतं, म्हणजे दिवसातनं तीनदा टाकी रिकामी होऊन परत भरते.

ही अडचण पेनिसिलिनच्या अगदी पहिल्या दिवसांपासनं माहिती आहे. १९४२ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगनी स्ट्रेप्टोकोकसच्या मेंदूज्वराचा एक पेशंट पेनिसिलिनवर घेतला, स्नायूत इंजेक्शनं देऊन थोडा फरक पडला पण पाठीच्या पाण्यात औषध काही मिळेना, शेवटी त्यांनी सरळ पाठीतनं पेनिसिलिन सोडलं आणि माणूस वाचला. आज आपण तसं करत नाही कारण पेनिसिलिन थेट मेंदूला लागलं की फिट येते. त्याऐवजी शिरेतनं इतका मोठा डोस द्यायचा की त्यातला थोडासा हिस्सा आत गेला तरी पुरे, पेनिसिलिन जी दिवसाला २४० लाख युनिट देतात ते याच्यासाठीच.

मेंदूज्वरात एक गोष्ट आपल्या बाजूनं असते, सूज. सुजेमुळं त्या घट्ट पेशींमध्ये फटी पडतात, पंपही मंदावतात, आणि एरवी रक्ताच्या एक-दोन टक्केच आत जाणारं सेफॅलोस्पोरिन दहा टक्क्यांच्या आसपास जायला लागतं. मेरोपेनेम त्याहून बरंच जास्त जातं. व्हँकोमायसिनचंही तसंच, सूज असेल तर बऱ्यापैकी, नसेल तर नाममात्र. उलट मेट्रोनिडॅझोल, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, जुनं क्लोरॅम्फेनिकॉल यांना सुजेचं फार देणंघेणं नाही, निम्म्याच्या वर कधीही जातात. पण नुसती टक्केवारी बघून औषध निवडू नका. न्यूमोकोकस किंवा मेनिंगोकोकस या मेंदूज्वराच्या नेहमीच्या जंतूंना मारायला सेफ्ट्रायक्झोन इतकं कमी लागतं की दहा टक्क्यातही पुष्कळ होतं. पाठीच्या पाण्यात अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट (जंतू मारायला मदत करणारी रक्तातली प्रोटीनं) जवळजवळ नसतातच, पांढऱ्या पेशी असून तिथं नीट काम करत नाहीत, मारायचं सगळं काम औषधावरच, म्हणून प्राण्यांवरच्या प्रयोगात जंतू झपाट्यानं मारायला पाण्यातली पातळी जंतूला मारणाऱ्या किमान पातळीच्या दहा ते वीस पट लागते असं दिसलंय. छातीच्या न्यूमोनियाला पुरणारा डोस इथं पुरत नाही तो यामुळं.

आणि खरी गोम पुढंच आहे. पेशंट सुधारायला लागला की सूज उतरते, सूज उतरली की फटी बुजतात, पाऊस ओसरला की कोयनेचे दरवाजे खाली येतात तसं. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी जेव्हा सगळ्यांना वाटतं आता डोस कमी करू, नेमकं तेव्हा आत जाणारं औषध आपोआपच कमी होत असतं, आणि आपण वरनं आणखी कमी करतो.

म्हणून चार्ट उघडल्यावर सगळ्यात आधी डोस बघा, कितीही साधं वाटलं तरी. सेफ्ट्रायक्झोन २ ग्रॅम दर १२ तासांनी, म्हणजे दिवसाला ४ ग्रॅम, आणि हा डोस शेवटच्या दिवसापर्यंत तेवढाच. मुलांना किलोमागं १०० मिग्रॅ दिवसाला. बऱ्याच ठिकाणी हात सवयीनं १ ग्रॅम बीडी (दिवसातनं दोनदा) लिहून मोकळा होतो. त्याहून जास्त फसवणारी ती १.५ ग्रॅमची व्हायल, सेफ्ट्रायक्झोन-सल्बॅक्टमची, आपल्याकडं सगळ्या मेडिकलमध्ये मिळते. त्यात सेफ्ट्रायक्झोन असतं १ ग्रॅमच, बाकी अर्धा ग्रॅम सल्बॅक्टम, आणि १.५ बीडी लिहिणाऱ्याला वाटतं आपण भरपूर देतोय, प्रत्यक्षात पेशंटला दिवसाला २ ग्रॅमच मिळतं, निम्मा डोस. न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकसला सल्बॅक्टमचा काही उपयोगही नाही, न्यूमोकोकस बीटा-लॅक्टमेज (अँटिबायोटिक तोडणारं एन्झाइम) बनवतच नाही, मेनिंगोकोकस क्वचितच. साधं सेफ्ट्रायक्झोन घ्या, स्वस्तही पडतं. मेरोपेनेम चालू असेल तर २ ग्रॅम दर ८ तासांनी, १ ग्रॅम टीडीएस (दिवसातनं तीनदा) हा मेंदूज्वराचा डोस नाही. किडनी खराब असेल तर मेरोपेनेम कमी करावं लागतं, सेफ्ट्रायक्झोन सहसा नाही, पण पहिला डोस दोन्हीचा पूर्ण. मग नर्सिंग चार्टवर वेळा बघा, लिहिलंय ते आणि दिलंय ते एकच आहे का. रात्री दोनचा डोस सकाळी सहाला गेलाय, शीर गेली म्हणून एक डोस राहिलाय, पेशंट सीटीला गेला म्हणून राहिलाय, असली बारीकसारीक भोकं आठवड्यात जमत जातात. ही औषधं किती वेळ पातळीच्या वर राहतात यावर चालतात, एकदम मोठा डोस देऊन मधली गॅप भरून निघत नाही. आणि हो, सेफ्ट्रायक्झोन आणि रिंगर लॅक्टेटचं सलाईन एका लाईनमधनं नको, कॅल्शियमबरोबर साका बसतो.

डोसच्याच भानगडीतला पुढचा भाग म्हणजे तोंडावाटे औषध. चौथ्या दिवशी ताप गेला की घरचे डॉक्टरांच्या मागं लागतात, "साहेब, ताप उतारलाय न्हवं, आता सुया कशाला, गोळ्या द्या आन् सोडा", उसाची तोड चालू असते नाहीतर द्राक्षाची छाटणी, कुणाला वेळ आहे. आणि पेशंट सेफिक्झिमवर घरी जातो. सेफिक्झिम पाठीच्या पाण्यात जवळजवळ जातच नाही, त्यात सूज उतरलेली, म्हणजे उरलेल्या जंतूंना मोकळं रान. आठवड्यात पेशंट परत येतो, यावेळी झटके घेऊन. मेनिंगोकोकस आणि हिमोफिलसला साधारण ७ दिवस, न्यूमोकोकसला १० ते १४, लिस्टेरिया आणि ग्रॅम निगेटिव्हला २१ दिवस, सगळं शिरेतनं. घरच्यांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, चौथ्या दिवशी सांगितलं की त्यांना ते बिल वाढवणं वाटतं. गावाजवळ विश्वासाचा दवाखाना असेल तर शेवटचे काही दिवस तिथं रोज जाऊन सुई घेणं जमू शकतं, पण डोस तोच आणि कुणीतरी रोज पेशंट डोळ्यानं बघणारा पाहिजे.

डोस बरोबर निघाला तर मग बघा दिलेलं औषध मुळात आत जाणारं आहे का. अ‍ॅमिकासिन आणि जेंटामायसिन आत नीट जात नाहीत, आणि पू झालेल्या आंबट पाण्यात त्यांचा जोरही कमी पडतो. क्लिंडामायसिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, सेफॅझोलिन यांच्यावर मेंदूज्वरात भिस्त ठेवू नये. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमचं नाव ऐकून भारी वाटतं, छातीला पोटाला आहेही भारी, पण टॅझोबॅक्टम पाण्यात पुरेसं मिळेल याची खात्री नाही, त्यामुळं मेंदूज्वराला ते घेत नाहीत. कोलिस्टिन शिरेतनं दिलं तर पाण्यात फारच थोडं पोचतं, ऑपरेशननंतरच्या अ‍सिनेटोबॅक्टरसारख्या जंतूला जिथं दुसरा इलाज नसतो तिथं न्यूरोसर्जन ते व्हेंट्रिकलमध्ये (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत) किंवा पाठीतनं थेट देतात. शिरेतनं कोलिस्टिन चालू करून ताप उतरायची वाट बघणं म्हणजे किडनी घालवायचा रस्ता.

डोसही बरोबर, औषधही बरोबर, लॅबचा रिपोर्टही सेन्सिटिव्ह म्हणतोय, तरी ताप? मग रिपोर्ट परत बघा, नीट. न्यूमोकोकससाठी सेन्सिटिव्हची रेघ छातीला वेगळी आणि मेंदूला वेगळी असते. सेफ्ट्रायक्झोनचा एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारी किमान पातळी) १ मायक्रोग्रॅम प्रति मिली आला तर न्यूमोनियाला तो सेन्सिटिव्ह, मेंदूज्वराला नाही, मेंदूज्वरासाठी ०.५ किंवा त्याखाली पाहिजे. पेनिसिलिनला तर ०.०६ च्या वर गेला की मेंदूज्वरात रेझिस्टंटच धरायचा. रिपोर्टवर नुसतं एस छापून आलं असेल तर मायक्रोबायोलॉजीवाल्यांना फोन लावा आणि विचारा की मॅडम हा एस कुठल्या रेघेनं, सॅम्पल सीएसएफचं आहे. मिरजेत सांगलीत लॅब चांगल्या आहेत, फोन उचलतात, आपणच करत नाही. हा रेझिस्टन्स आहे म्हणूनच न्यूमोकोकसच्या संशयात सुरुवातीपासनं सेफ्ट्रायक्झोनला व्हँकोमायसिन जोडतात.

आणि इथंच डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा पेच येतो. डेक्सा १० मिग्रॅ दर ६ तासांनी ४ दिवस, पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी किंवा बरोबर, हे युरोपातल्या २००२ च्या ट्रायलनंतर रूढ झालं, न्यूमोकोकसच्या पेशंटमध्ये मृत्यू कमी झाले म्हणून. पण डेक्सा सूज उतरवतं, आणि व्हँकोमायसिन सुजेच्याच जिवावर आत जातं. प्राण्यांमध्ये डेक्साबरोबर व्हँकोमायसिनची पातळी पडलेली दिसली, माणसात डोस पुरेसा मोठा असेल तर पातळी मिळते. म्हणून डेक्सा सोडायचं नाही, व्हँकोमायसिन वजनावर द्यायचं, किलोमागं १५ ते २० मिग्रॅ दर ८ ते १२ तासांनी, हळूहळू, निदान तासभर तरी, आणि जमेल तिथं पुढच्या डोसआधीची पातळी १५ ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली ठेवायची. ९० किलोच्या पैलवान गड्याला आणि ४५ किलोच्या आजीला एकच १ ग्रॅम बीडी लिहिलेलं दिसतं तेव्हा काय बोलायचं. जंतू रेझिस्टंट आणि डेक्साही चालू अशा वेळी रिफाम्पिसिन जोडतात, जंतू त्याला सेन्सिटिव्ह असेल तर.

वय ५० च्या वर, शुगर, दारू, स्टिरॉइड, गरोदर बाई, यातलं काही असेल आणि अ‍ॅम्पिसिलिन चालू नसेल तर लिस्टेरिया उघडा सोडलाय. लिस्टेरियाला कुठलंही सेफॅलोस्पोरिन लागू पडत नाही, डोस दुप्पट करा नाहीतर चौपट. अ‍ॅम्पिसिलिन २ ग्रॅम दर ४ तासांनी. कानातनं जुना पू वाहणारा पेशंट असेल तर स्यूडोमोनास आठवा, तोही सेफ्ट्रायक्झोनच्या बाहेरचा.

टीबीबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त फसवतो तो हाच. दुखणं आठ-पंधरा दिवसांचं, ताप बारीक, वजन उतरलेलं, एक डोळा आत वळलेला, पाण्यात लिंफोसाइट जास्त आणि शुगर कमी. असा पेशंट डेक्साच्या चार दिवसात छान दिसतो, स्टिरॉइडनंच दिसतो, आणि डेक्सा थांबलं की ढासळतो, मग सगळे म्हणतात सेफ्ट्रायक्झोनला आधी रिस्पॉन्स दिला होता. त्यात आधी कुणी लघवीच्या इन्फेक्शनला किंवा टायफॉइडला म्हणून लिव्होफ्लॉक्सॅसिन दिलेलं असेल, वॉर्डात अ‍ॅमिकासिन लिनेझोलिड झालं असेल, तर टीबी अर्धवट दबतो आणि चित्र आणखी गढूळ होतं, कारण ही सगळी टीबीवरही थोडीफार चालतात. पाणी पाठवताना दोन थेंब पाठवू नका, टीबीसाठी ८-१० मिली लागतं, आणि जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूची डीएनए तपासणी) निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं होत नाही. टीबीच्या औषधातही पोचण्याचा हाच खेळ आहे, आयसोनियाझिड आणि पायरॅझिनामाइड रक्ताइतकीच पाण्यात जातात, रिफाम्पिसिन बरंच कमी, इथॅम्ब्युटॉल आणि स्ट्रेप्टोमायसिन सूज उतरली की जवळपास नाहीच.

कधीकधी ताप मेंदूचा नसतोच. डेक्सा पाचव्या दिवशी थांबलं की एक ताप येऊन जातो, पेशंट शुद्धीवर असेल, जेवत असेल, मान सैल असेल तर घाबरू नका. शिरेची जागा लाल झालीय का बघा, कॅथेटर, छातीत काही गेलंय का, औषधाचाच ताप आहे का. पण ताप आणि बरोबर गुंगी वाढतीय, एका बाजूचा हात ढिला पडतोय, नवीन फिट येतेय, तर स्कॅन लगेच, सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखालचा) पू, मेंदूत पाणी साठणं, शिरेत गुठळी यातलं काही असेल तर कुठलंही अँटिबायोटिक एकटं पुरत नाही. आणि फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असताना मेरोपेनेम सुरू केलंत तर व्हॅल्प्रोएटची पातळी एका दिवसात तळाला जाते, डोस वाढवूनही वर येत नाही. मेरोपेनेम सुरू केल्यावर झटके वाढले म्हणजे मेंदूज्वर बळावला असं धरण्याआधी फिटचं औषध कुठलं चालू आहे ते बघा आणि लिव्हेटिरासिटॅमवर या.

यातलं काहीच जुळत नसेल आणि ४८ तासात सुधारणा नसेल तर पाणी परत काढा. घरचे तयार होत नाहीत, "मणक्यातलं पाणी काढलं की माणूस कमरेतनं जातो" हे गावागावात पक्कं बसलंय, त्यांना बसवून सांगावं लागतं की सुई जिथं घालतात तिथं मुख्य मज्जारज्जू संपलेला असतो, आणि काढलेलं पाणी काही तासात परत भरतं. दुसऱ्या पाण्यात काय बघायचं, तर ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून बघणं) आणि कल्चर. योग्य इलाजात दोन दिवसांनी जंतू उगवायला नको. उगवला तर मात्र औषध खरंच कमी पडतंय. प्रोटीन आणि पेशी पुष्कळ दिवस वर राहतात, नुसत्या पेशी बघून मेरोपेनेमवर उडी मारू नका.

सहा महिन्यांनी, वर्षानं परत मेंदूज्वर, असे पेशंट वेगळे. त्यांचा दरवेळी इलाज नीटच झालेला असतो, जंतूला आत यायला भोक उघडं असतं. हायवेला बाईकवरनं पडून डोक्याला लागलेलं, हेल्मेट नव्हतं, आणि तेव्हापासनं खाली वाकलं की एका नाकपुडीतनं पाणी गळतं, चव खारट. पेशंट सर्दी समजून गप्प असतो, विचारल्याशिवाय सांगत नाही, अपघात दहा वर्षांपूर्वीचा असला तरी विचारा. ते पाणी बीटा-२ ट्रान्सफेरिनला (हे प्रोटीन सापडलं की पाणी मेंदूकडचं, सर्दीचं नाही) पाठवा, पातळ कापांचा सीटी करा आणि ईएनटीला दाखवा, दुर्बिणीतनं भोक बुजवतात. लहान पोरात पाठीच्या मध्यरेषेवर, कमरेखाली, बारीक खड्डा किंवा केसांचा झुपका आहे का ते अंगावरचे कपडे काढून बघा. प्लीहा काढलेली, जन्मजात कॉम्प्लिमेंट कमी, हेही शोधा. अशांना न्यूमोकोकसची लस द्यायची, बाळांना ती २०२१ पासनं देशभर सरकारी लसीकरणात आहेच.

शेवटची विनंती पाठवणाऱ्या डॉक्टरांना. मिरजेला पाठवताना चिठ्ठीत "अँटिबायोटिक गिव्हन" एवढंच लिहू नका. कुठलं, किती ग्रॅम, पहिला डोस किती वाजता, डेक्सा दिलं का आणि अँटिबायोटिकच्या आधी की नंतर, पाणी काढलं असेल तर कसं दिसलं, आणि त्यावेळची रक्तातली शुगर किती होती. पहिल्या डोसनंतर काही तासातच कल्चर निगेटिव्ह यायला लागतं, पेशी आणि शुगर मात्र काही दिवस सांगत राहतात, त्यामुळं ही वेळ आम्हाला माहीत असली तर निगेटिव्ह कल्चर कसं वाचायचं ते कळतं. लिहायला वेळ नसेल तर रिकाम्या व्हायली पिशवीत घालून पेशंटबरोबर द्या, तेवढंही चालतं.